दोन बिंदूंची रेष

शारजाच्या रोल्ला भागात, मागच्या गल्लीत, जिथे खाली मोबाइलची दुकानं आणि वर दातांचे दवाखाने आहेत, अशा एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर कावेरी परब गणिताच्या शिकवण्या घ्यायची. गणितात गटांगळ्या खाणारं पोर तिच्याकडे एक टर्म बसलं की काठाला लागतं, अशी तिची शारजात ख्याती होती. थेट दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतून आईबाप मुलांना गाडीत घालून, ट्रॅफिकला शिव्या देत, तिच्या दारात आणून सोडायचे. ख्याती खोटी नव्हती. कावेरीला गणित यायचं, आणि आपल्याला ते येतं हेही तिला पक्कं माहीत होतं. शेवटी हेच तिच्या मुळावर आलं.

सरळ रेषेचं समीकरण ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून शिकवायची. फळ्यावर y = mx + c लिहायचं आणि मुलांकडे वळायचं.

"सकाळी टाकीत किती पाणी होतं? तो c. म्हणजे सुरुवात. दर तासाला किती कमी होतं? तो m, म्हणजे चढ. कमी होतंय म्हणून मायनस. हे दोन कळले की मला कुठलीही वेळ सांगा, मी गच्चीवर न जाता सांगते टाकीत किती उरलंय."

"पण मॅम, एम अँड सी कसे मिळणार?"

"दोन वेळा टाकीत डोकावून बघायचं. बस. दोन बिंदू द्या, रेष तुमची."

मग एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत किती उतरलो, किती पुढे गेलो, त्याचा भागाकार करून m काढायचा, तो समीकरणात घालून c काढायचा, हे सगळं ती करून घ्यायची. आणि मुलांनी पेनं खाली ठेवली की दटावायची, "झालं? तिसरा बिंदू घालून पडताळा. न पडताळलेलं उत्तर म्हणजे न चाखलेली आमटी."

शौर्य नावाचा आठवीतला एक मुलगा होता, हुशार आणि तितकाच आळशी. तो एकदा म्हणाला, "बट मॅम, टू पॉइंट्स आर इनफ ना?"

"रेषेला पुरतात रे. खात्रीला पुरत नाहीत," कावेरी म्हणाली. मुलांना शहाणपण सांगणं किती सोपं असतं!

तिचा नवरा वासुदेव एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीत फोरमन होता. डांबर अंथरायच्या मशीनमागे उभं राहून वीसेक वर्षं गेली होती त्याची. खाली उकळतं डांबर, वर शारजाचं ऊन. उन्हाळ्यात सरकारी नियमाने दुपारचं काम बंद असायचं, पण डांबराची उष्णता काही साडेबाराला सुट्टी घेत नाही. माणूस अबोल आणि सोशीक, आणि सोशीक माणसाइतका घरच्यांना धोक्याचा दुसरा कोणी नाही. पाठ धरली की तो दुखण्याची गोळी घ्यायचा, आणि पाठ रोजच धरायची. बडीशेप खावी तशा खायचा तो त्या गोळ्या.

गल्फमधल्या आपल्या लोकांची एक जुनी रीत आहे. आजार इथे दाखवायचा नाही. इथे विम्याचं कार्ड दिलं की कंपनीला कळतं, कंपनीला कळलं की नोकरी जाते, नोकरी गेली की व्हिसा जातो, अशी पक्की समजूत. खरी की खोटी, कोणी तपासायला गेलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यामुळे रक्त द्यायचं ते गावी, सुट्टीवर गेल्यावर. तेही शेवटच्या आठवड्यात, कारण आधी देवदर्शन, मग बहिणीची घरं, मग जमिनीची कामं, आणि मग परतीच्या बॅगांत कोकम-कुळीथ भरता भरता कोणाला तरी आठवतं, अरे, तपासण्या राहिल्या की!

तसंच एका जुलैत कुडाळला वासुदेवने रक्त दिलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की किडनी अठ्ठेचाळीस टक्केच चालतेय. पुढच्या जुलैत परत दिलं. बेचाळीस.

या वेळी डॉक्टर चिडले. "परब, उन्हातलं काम सोडा. ती गोळी बंद करा. पंधराच्या खाली गेलात की डायलिसिसच्या मशीनवर जाल, मग मला सांगू नका सांगितलं नव्हतं म्हणून."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना वासुदेव म्हणाला, "कावेरी, पुरे झालं आता. इथेच काहीतरी बघू. कुणाच्या तरी हाताखाली सुपरवायझर म्हणून लागेन."

आयुष्यात फारसं काही न मागणाऱ्या माणसाने एवढंच मागितलं होतं. पण त्यांची एकुलती एक मुलगी रिद्धी तेव्हा नुकती अकरावीत गेली होती. ती शारजात वाढलेली. तिचं बोलणं इंग्रजीत, तिच्या मैत्रिणी तिथल्या, तिचं इंजिनिअरिंगचं स्वप्न तिथल्या शाळेच्या भिंतींवर लिहिलेलं. तिला अकरावीच्या मधे उपटून कुडाळला आणायचं? कावेरीची स्वतःची एम.एस्सी. लग्नापायी अर्धी राहिली होती. ते अर्धेपण तिने इतकी वर्षं मनात जपून ठेवलं होतं, आणि मुलीच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नाही, अशी जणू शपथच घेतली होती.

"विचार करते," ती म्हणाली.

आणि कावेरीचा विचार म्हणजे कागद. शारजाला परतल्यावर तिने एका जुन्या चाचणी पेपरच्या पाठीमागे दोन अक्ष आखले. आडव्यावर वर्षं, उभ्यावर टक्के. पहिली तपासणी म्हणजे शून्य वर्ष, अठ्ठेचाळीस. दुसरी म्हणजे एक वर्ष, बेचाळीस. वर्षाला सहा उतरलं, म्हणून m उणे सहा. शून्यावर अठ्ठेचाळीस, म्हणून c अठ्ठेचाळीस. पट्टी ठेवून तिने रेष ओढली. मग y च्या जागी पंधरा घातले. पहिल्या तपासणीपासून साडेपाच वर्षं. त्यातलं एक गेलं, अजून साडेचार हातात. रिद्धीची बारावी संपेल तेव्हा रेष बत्तीसवर असेल. बत्तीस म्हणजे पंधराच्या दुपटीहून वर!

खरं सांगायचं तर उत्तर तिला आधीच हवं होतं, गणित तिने मागाहून केलं. पण गणित बरोबर होतं, आणि बरोबर गणिताची नशा भलती वाईट.

वासुदेव कामावरून आला तेव्हा तिने त्याला कागद दाखवला. "हे बघा. बारावी झाली की मार्चमध्ये आपण सगळेच गावी परत जाऊ. तोपर्यंत तुम्ही धोक्याच्या खूप वर आहात. मी काढलंय."

वासुदेवने हात पुसून कागद घेतला. त्याची शाळा दहावीलाच संपली होती, आणि बायकोच्या गणितावर त्याची देवाइतकी श्रद्धा होती. त्याने रेषेवरून बोट फिरवलं. "एवढा उतार तर आम्ही रस्त्याला देतो, पाणी वाहून जायला. गाडीत बसलेल्याला कळतही नाही," तो म्हणाला. "तू काढलंयस म्हणजे बरोबरच असणार."

त्याने कागदाची घडी केली आणि पाकिटात ठेवली.

पुढचा उन्हाळा आला तेव्हा रिद्धी बारावीत होती. जुलै-ऑगस्टमध्ये तिचे एंट्रन्सचे क्लासेस लागले. गावी जायचं रद्द झालं. "एक वर्ष सुट्टी नाही घेतली तर काय होतंय," असं कावेरी म्हणाली, आणि वासुदेवने मान हलवली. कंपनीने खूश होऊन त्याला नव्या रस्त्याचं काम दिलं.

जूनच्या अखेरीस त्याचे पाय सुजायला लागले. बूट काढले की मोज्याची वीण घोट्यावर उमटलेली दिसायची. मासे त्याला नकोसे झाले. मालवणी माणसाला मासे नकोसे होतात म्हणजे काहीतरी मोठं बिनसलंय, हे कोणीही सांगेल. अंगाला खाज सुटायची, तोंडाला पितळेची चव यायची. कावेरीला हे सगळं दिसत होतं. ती आंधळी नव्हती. पण प्रत्येक वेळी ती मनात रेष काढायची, आडव्या अक्षावर आजची तारीख शोधायची आणि वर बघायची. सदतीसच्या आसपास. सदतीसला एवढं होत नाही. उन्हाचा त्रास असेल.

एकदा मात्र ती म्हणाली, "अहो, एकदा इथेच रक्त देऊन बघू या का? समोरच लॅब आहे."

"आणि कंपनीला कळलं म्हणजे? रिद्धीचा व्हिसा माझ्यावर आहे. मार्चपर्यंत कळ काढू या." मग तो हसला. "तुझी रेष आहे ना?"

 कावेरीने हट्ट केला नाही, आणि का केला नाही हे लपवण्यात अर्थ नाही. तिला भीती वाटत होती. तिसरा बिंदू रेषेवर नाही पडला तर? रिद्धी आतल्या खोलीत मोठ्याने फिजिक्स पाठ करत होती. नवऱ्याने नाही म्हटलं तेव्हा कावेरीला चक्क हायसं वाटलं.

सप्टेंबरात एका संध्याकाळी तिची शिकवणी चालू होती. शौर्य फळ्याजवळ उभा राहून दोन बिंदूंवरून समीकरण काढत होता. त्याने m काढला, c काढला, खाली 'चेक' असं लिहिलं आणि पुढे मोकळी जागा सोडली. तेवढ्यात फोन वाजला. वासुदेवच्या कंपनीचा ड्रायव्हर गनी बोलत होता.

"भाभी, वासुभाई गिर गया साइट पे. साँस ठीक से नहीं ले रहा. हम हॉस्पिटल ला रहे हैं. यल्ला भाभी, जल्दी आओ!"

इमर्जन्सीच्या बाहेर गनी हेल्मेट पोटाशी धरून बसला होता. कावेरीला पाहून तो उठला आणि अपराध्यासारखा बोलायला लागला. "मैं बोलता था उसको, डॉक्टर को दिखा. पूरी गर्मी बोला, भाभी. वो वॉलेट से कागज निकाल के दिखाता था. बोलता था, मेरी मैडम ने हिसाब लगाया है, मार्च तक मुझे कुछ नहीं होने वाला. सबको दिखाता था."



डॉक्टरीणबाई हैदराबादच्या होत्या, वयाने कावेरीएवढ्याच. त्यांनी तिला बाजूला घेतलं. फुप्फुसांत पाणी भरलंय, हृदयावर ताण आलाय, डायलिसिस आत्ताच सुरू करावं लागेल. किडनी नऊ टक्के.

"नहीं," कावेरी म्हणाली. "पैंतीस होना चाहिए."

"जी?"

"पैंतीस. मैंने निकाला है." तिने फोनमधले कुडाळचे दोन्ही रिपोर्ट उघडले. मुलाचे मार्क कमी पडल्यावर पेपर परत तपासायला द्यावा, तसा तिने फोन पुढे केला.

डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट पाहिले, तारखा पाहिल्या. "दोनों जुलाई के हैं. दोनों इंडिया के. छुट्टी में कब करवाए थे?"

"आखिरी हफ्ते में. हम हमेशा आखिर में ही करवाते हैं."

"मतलब महीना भर छाँव में रहने के बाद. पानी पीके, घर का खाना खाके, सो के. दर्द की गोलियाँ भी बंद होंगी तब?"

बंद असायची. गावी त्याची पाठ दुखायची नाही. एका वर्षी तर गोळ्यांचं पाकीट शारजालाच विसरलं होतं, आणि त्याला महिनाभर आठवणही झाली नव्हती.

"मॅडम," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "आपने दोनों बार उनका सबसे अच्छा दिन नापा है. यहाँ की गर्मी में कितना गिरता था, वो तो कभी किसी ने देखा ही नहीं. घर जाके थोड़ा सँभल जाते होंगे हर साल. और इस साल?"

"इस साल नहीं गए," कावेरी म्हणाली.

बाकावर बसल्यावर तिला सगळं स्वच्छ दिसलं. हे स्वच्छ दिसणंच तिला सोसवेना. भागाकार बरोबर होता. रेष बरोबर होती. पण ती रेष कुडाळच्या सावलीत पेज पिऊन बसलेल्या वासुदेवची होती. डांबराच्या मशीनमागच्या वासुदेवची रेष कोणी काढलीच नव्हती. वर्षभर जे झिजायचं त्यातलं थोडं त्या एका महिन्यात भरून यायचं, आणि रेषेच्या भरवशावर तिने तो महिनाच काढून घेतला. आणि c? अठ्ठेचाळीस ही त्याची सुरुवात कधीच नव्हती. सुरुवात म्हणजे वीसेक वर्षांपूर्वी पोत्यासारखी बॅग खांद्यावर टाकून विमानतळाबाहेर आलेला तरुण मुलगा. त्यानंतरचे सगळे उन्हाळे तिने शून्याच्या डावीकडे टाकून दिले होते, जणू तो माणूस पहिल्या रिपोर्टच्या दिवशीच जन्माला आला. डावीकडे तिने बघितलंच नाही. मुलांचे असले अर्धे पेपर ती लाल पेनाने फराटे मारून परत करायची.

पुढचे दिवस मशीनच्या आवाजात गेले. वासुदेवची शुद्ध एकदा बरी असायची, एकदा नसायची. रक्तातलं विष डोक्यात चढतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हृदयाबद्दल विचारलं की त्या आशेचं एक अक्षर बोलायच्या नाहीत. कंपनीच्या ऑफिसातला हम्माद येऊन गेला. चांगला माणूस, उशाशी खजूर ठेवून गेला. विमानात बसण्याएवढी तब्येत झाली की घरी पाठवायची सगळी सोय करतो, इन्शाल्ला, असं म्हणाला. आजाराचं कळल्यावर कंपनी हाकलून देईल म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं मूठ झाकली, त्यांना कंपनीचा माणूस विचारत होता की आधी का नाही सांगितलं, सावलीतलं काम दिलं असतं. कावेरीने खजुरांकडे बघितलं आणि मान खाली घातली.

आता परत जायचं म्हणजे व्हिसे रद्द, आणि वासुदेवच्या व्हिसावर असलेली रिद्धी मागे राहू शकत नव्हती. ठेवली असती तर कोणाकडे, हाही प्रश्न होताच. ज्या बारावीसाठी सगळा खटाटोप केला ती बारावीही हातची चालली होती. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. रिद्धीला हे कसं सांगायचं, याची जुळवाजुळव कावेरी करत होती, तेवढ्यात एका दुपारी रिद्धीच शाळेच्या युनिफॉर्ममध्ये वॉर्डाबाहेर येऊन तिच्या शेजारी बसली.

"आय टोल्ड देम टुडे, आई. नाव काढलं. खलास."

"अगं, पण मला विचारायचंस तरी..."

"व्हॉट इज देअर टू आस्क?" रिद्धी समोरच्या भिंतीकडे बघत होती. तीही कावेरीचीच विद्यार्थिनी, लहानपणापासून त्याच फळ्यासमोर बसलेली. गनीअंकलकडून तिला कागदाचं कळलं होतं.  मग तिने विचारलं, "थर्ड पॉइंट? डिड यू चेक?"

कावेरीने मानेनेच नाही म्हटलं.

मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिने नुसती बॅग मांडीवर घेतली आणि बॅगेवर डोकं टेकवलं. कावेरीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मुलीने तो झटकला नाही, इतकीच काय ती माफी त्या दिवशी मिळाली.

भेटीची वेळ झाल्यावर दोघी आत गेल्या. वासुदेव जागा होता. चेहरा सुजलेला, ओठ कोरडे. पाणी मोजूनच द्यायचं होतं. त्याने कावेरीला ओळखलं आणि तो हात गादीवर काहीतरी चाचपत फिरवायला लागला.

"काय हवंय?"

"पाकीट. तो कागद..." त्याचा श्वास लागला. "इथे कुठे ठेवलं गं त्यांनी?"

"माझ्याजवळ आहे. नीट ठेवलंय." पाकीट खरंच तिच्या पर्समध्ये होतं. आतला कागद घामाने इतका मऊ झाला होता की घडीवर फाटायला आला होता. तो तिने उघडला नव्हता.

"मला आता तारीख कळत नाही," वासुदेव म्हणाला. "पण तू बघ ना. रिद्धीचा पेपर... मार्च. मार्च बसतो ना आपल्या रेषेत?"

पलंगाच्या पायथ्याशी नऊचा आकडा लिहिलेला तक्ता टांगला होता. कावेरीने आयुष्यात कधी कुठल्या मुलाला खोटं उत्तर दिलं नव्हतं. मूल रडलं तरी चूक ती चूकच, असा तिचा खाक्या.  त्या माणसाचे डोळे तिच्या तोंडाकडे लागले होते. त्याला अजून खात्री होती की या बाईला विचारलं की उत्तर बरोबर येतं.

मागून रिद्धी पुढे आली. बापाशीही कायम इंग्रजीतच बोलणारी ती पोर. तिने त्याचा सुजलेला हात दोन्ही हातांत घेतला, आणि शब्द शोधत शोधत मराठीत म्हणाली, "बसतो, बाबा. आईने काढलंय ना? मार्चला माझा पेपर आहे. तुम्ही मला सोडायला यायचं."

वासुदेवने कावेरीकडे बघितलं.

"बसतो," कावेरी म्हणाली.

त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने नर्स आली आणि तिने दोघींना बाहेर थांबायला सांगितलं.